कॉलेजचं उन्हाळी सत्र: शेवटच्या 4 क्रेडिटची सही नेमकी कुणाच्या हातात?

मे महिन्यातलं अंबड. दुपारी बाराच्या आत बाजारपेठ शांत होते, मत्स्योदरी देवीच्या टेकडीकडे जाणारा रस्ता रिकामा पडतो. कॉलेजचं गेट मात्र उघडं असतं, कारण आत परीक्षा सुरू असते. वर्गात पंखे फिरत असतात, बाहेर पोर्चमध्ये पुढच्या पेपरची मुलं झेरॉक्स चाळत बसलेली असतात.

समजा, तालुक्यातल्या एखाद्या गावातली बी.ए. प्रथम वर्षाची एक विद्यार्थिनी आहे. पहिल्या वर्षाचे सगळे पेपर तिने दिले आहेत. पुढच्या वर्षी घरच्या अडचणीमुळे तिला कॉलेजला येता येणार नाही. नव्या शैक्षणिक धोरणात पहिल्या वर्षानंतर थांबलं तरी प्रमाणपत्र मिळतं, हे तिने रीलमध्ये पाहिलंय. पण त्यासाठी वर्षाच्या क्रेडिटशिवाय आणखी 4 क्रेडिट उन्हाळ्यात मिळवायचे असतात. ते कसे आणि कुठे मिळवायचे, हे विचारायला ती ऑफिसात जाते. क्लार्क म्हणतो, सरांना विचार. सर सुट्टीवर आहेत. प्राचार्यांच्या केबिनमधून उत्तर येतं की विद्यापीठाचं परिपत्रक बघावं लागेल. विद्यापीठात फोन लागला तर तिकडून सांगितलं जातं, तुमच्या कॉलेजशी संपर्क करा.

हा प्रसंग काल्पनिक आहे. पण यातला प्रश्न अगदी खरा आहे. कॉलेजचं उन्हाळी सत्र चालवतो कोण? त्याला नक्की काय ठरवता येतं आणि काय नाही?

उन्हाळी सत्र: शब्द एक, अर्थ दोन

महाराष्ट्रात 'उन्हाळी' हा शब्द कॉलेजच्या मुलांना परीक्षेमुळे माहीत आहे. उन्हाळी परीक्षा आणि हिवाळी परीक्षा. मार्च-एप्रिलच्या आसपास सुरू होऊन मे महिन्यात रेंगाळणारी ती उन्हाळी. हॉल तिकिटावर, गुणपत्रिकेवर, पुनर्मूल्यांकनाच्या अर्जावर हाच शब्द असतो.

दुसरा अर्थ नवा आहे. डिसेंबर 2022 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजेच यूजीसीने, पदवी अभ्यासक्रमाची नवी क्रेडिट चौकट जाहीर केली. तिच्यात वर्षाच्या दोन सत्रांशिवाय उन्हाळ्याच्या सुट्टीतलं 8 आठवड्यांचं आणखी एक सत्र सांगितलं आहे. या सत्रात इंटर्नशिप करता येते, व्यवसाय शिक्षणाचा कोर्स करता येतो. ज्यांचे विषय राहिले आहेत त्यांच्यासाठी नेहमीचे कोर्सही कमी दिवसांत, वेगाने शिकवता येतात.

पण त्याच चौकटीत एक वाक्य आहे आणि सगळा पेच त्याच वाक्यात आहे. उन्हाळी सत्रात कोणते कोर्स ठेवायचे, हे शिक्षक किती उपलब्ध आहेत आणि विद्यार्थी किती आहेत यावरून संस्थेने ठरवावं, असं ते वाक्य म्हणतं. म्हणजे सत्र घेता येईल. घ्यायलाच हवं, असं नाही. आणि संस्थेत हे ठरवणार कोण, त्या माणसाचं पद कोणतं, हे तिथे लिहिलेलं नाही.

चार क्रेडिट म्हणजे किती काम?

चौकटीच्या हिशेबात वर्गात शिकवण्याचं 1 क्रेडिट म्हणजे एका सत्रात 15 तास. प्रात्यक्षिक, इंटर्नशिप, क्षेत्रकार्य असेल तर 1 क्रेडिट म्हणजे 30 तास. त्यामुळे 4 क्रेडिटची इंटर्नशिप 120 तासांची होते. आठ आठवड्यांत बसवायची तर आठवड्याला 15 तास. हे काही अशक्य काम नाही. रोज अडीच तास, आठवड्याचे सहा दिवस.

हे 4 क्रेडिट कशासाठी लागतात? महाराष्ट्र सरकारने 20 एप्रिल 2023 च्या शासन निर्णयाने राज्यासाठी क्रेडिटची चौकट ठरवली. पहिल्या वर्षाचे 40 ते 44 क्रेडिट आणि त्यावर व्यवसाय कौशल्याच्या कोर्सचे किंवा इंटर्नशिपचे 4 क्रेडिट मिळवले, तर विद्यार्थ्याला प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येतं. दुसऱ्या वर्षानंतर अशाच पद्धतीने पदविका मिळते. विद्यापीठांचे विभाग आणि स्वायत्त कॉलेजांमध्ये हे 2023-24 मध्ये सुरू झालं. संलग्न कॉलेजांमध्ये, म्हणजे राज्यातल्या बहुसंख्य कॉलेजांमध्ये, 2024-25 पासून.

याचा अर्थ, संलग्न कॉलेजांतल्या मुलांसाठी पहिल्या वर्षानंतर थांबण्याचा पहिला उन्हाळा होता 2025 चा.

पूर्वी बी.ए.ला एक वर्ष करून सोडलं तर हातात फक्त गुणपत्रिका राहायची. 'अर्धवट शिक्षण' असा शिक्का बसायचा. नव्या व्यवस्थेचं सगळ्यात मोठं आश्वासन हेच होतं की ते वर्ष वाया जाणार नाही. मराठवाड्यात या आश्वासनाला फार वजन आहे. ऊसतोडीला जाणारी कुटुंबं, लवकर होणारी लग्नं, दुष्काळाच्या वर्षी पुण्या-मुंबईची वाट धरणारी मुलं, या सगळ्यांसाठी ही तरतूद कागदापलीकडची आहे. आणि 44 क्रेडिट मिळवूनही उन्हाळ्यातले 4 राहिले, तर प्रमाणपत्र मिळत नाही. हातात पुन्हा गुणपत्रिकाच.

अमेरिकेत यासाठी वेगळा माणूस असतो

अमेरिकेतल्या विद्यापीठांत उन्हाळी सत्र ही जुनी गोष्ट आहे. हार्वर्डचं समर स्कूल 1871 पासूनचं. शिकागो विद्यापीठाने 1892 मध्ये वर्ग सुरू केले तेच वर्षाचे चार भाग करून, त्यात उन्हाळा हा एक पूर्ण भाग. तिथल्या अनेक विद्यापीठांत उन्हाळी सत्राचा स्वतंत्र संचालक किंवा डीन असतो. कोणते कोर्स चालवायचे, कोणत्या प्राध्यापकाला उन्हाळ्यापुरतं नेमायचं, फी किती, विद्यार्थी कमी आले तर वर्ग रद्द करायचा का, हे त्याच्या कार्यालयातून ठरतं. अभ्यासक्रम आणि गुण मात्र विभागाच्या आणि शिक्षकाच्या हातात राहतात. त्यामुळे तिथेही भांडणं होतात, पण निदान भांडायला कुणाच्या दारात जायचं ते ठाऊक असतं.

भारतात याच्या जवळ जातात त्या आयआयटीसारख्या संस्था. आयआयटी मुंबईत उन्हाळ्यात निवडक कोर्स चालतात. राहिलेला विषय मुलं तिथे पूर्ण करतात. हे जमतं, कारण शिकवणारी, परीक्षा घेणारी आणि पदवी देणारी संस्था एकच आहे. शिक्षक तयार असेल आणि संस्थेच्या शैक्षणिक विभागाची मंजुरी असेल, तर गाडी पुढे जाते. स्वायत्त कॉलेजांचंही बरंचसं असंच. पदवी विद्यापीठाची असली, तरी त्यांना स्वतःचा परीक्षा नियंत्रक असतो आणि अभ्यासक्रमही ते स्वतः आखतात.

अंबडसारख्या तालुक्याच्या गावातलं कॉलेज संलग्न असतं. शिकवतं कॉलेज. पदवी देतं छत्रपती संभाजीनगरचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. 1958 मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाखाली छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव हे चार जिल्हे येतात. उन्हाळी सत्राची सगळी गुंतागुंत या दोन टोकांच्या मधे आहे.

कॉलेजात कोण काय ठरवू शकतं?

सर्वात वर प्राचार्य. वर्ग कधी भरेल, कोणत्या शिक्षकाला कोणतं काम द्यायचं, सुट्टीत कुणाला बोलवायचं, इंटर्नशिपसाठी बाहेरच्या संस्थेला पत्र द्यायचं का, हे सगळं प्राचार्यांच्या अखत्यारीत येतं. उन्हाळी सत्र सुरू करायचं की नाही, यात त्यांचं मत सगळ्यात जड असतं. पण विद्यापीठाने मंजूर न केलेला कोर्स ते स्वतःच्या सहीने क्रेडिटचा करू शकत नाहीत. कॉलेजने 60 तास उत्तम शिकवलं, प्रमाणपत्रही छापून दिलं, पण तो कोर्स विद्यापीठाच्या रचनेत नसेल तर त्या कागदाची किंमत भिंतीवर लावण्यापुरती. हे विद्यार्थ्यांना कोर्स संपल्यावर नाही, सुरू होण्याआधी कळायला हवं.

त्यानंतर कॉलेजचा परीक्षा विभाग. परीक्षा प्रमुख हा बहुतेक वेळा एक प्राध्यापकच असतो, शिकवणं सांभाळून हे काम करणारा. परीक्षा अर्ज तपासून पाठवणं, हॉल तिकीट वाटणं, अंतर्गत गुण विद्यापीठाच्या पोर्टलवर भरणं ही कामं या विभागाची. पद छोटं, पण परिणाम मोठा. अंतर्गत गुण मुदतीत भरले गेले नाहीत, तर निकालात मूल गैरहजर दिसतं किंवा निकाल राखीव राहतो. राज्यातल्या विद्यापीठांमध्ये ही दर निकालाची तक्रार आहे. इंटर्नशिपचे गुणही याच वाटेने जातात. अंबडच्या विद्यार्थ्याने 120 तास घाम गाळलेला असो, पोर्टलवर नोंद नसेल तर क्रेडिट शून्य.

परीक्षा केंद्रावर केंद्रप्रमुख असतो. तो परीक्षा शिस्तीत पार पाडतो, कॉपीचा प्रकार सापडला तर नोंद करून उत्तरपत्रिका आणि अहवाल विद्यापीठाकडे पाठवतो. 'तुझं वर्ष रद्द करून टाकीन' असं कुणी म्हणालं, तरी तो अधिकार केंद्रावर नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 च्या कलम 48 नुसार परीक्षा व मूल्यमापन मंडळ ही या सगळ्यातली मुख्य यंत्रणा आहे. कुलगुरू तिचे अध्यक्ष असतात. गैरप्रकारांची चौकशी या मंडळाने नेमलेल्या समितीकडे जाते आणि शिक्षेचा निर्णय त्या प्रक्रियेतून होतो.

नव्या धोरणानंतर आणखी एक नाव ऐकू येतं. एनईपी समन्वयक. परिपत्रकं वाचणं, मुलांना विषय निवडीत मदत करणं, क्रेडिटच्या नोंदींचा पाठपुरावा करणं हे काम ज्यांच्याकडे दिलं जातं ते प्राध्यापक. प्रत्यक्षात उन्हाळी सत्राबद्दल सगळ्यात जास्त माहिती याच माणसाला असते, आणि स्वतःच्या सहीने मंजूर करता येईल असं त्यांच्या हातात जवळपास काहीच नसतं.

तर मग 4 क्रेडिट देतं कोण? शेवटी विद्यापीठच. अभ्यासक्रमाची मंजुरी, परीक्षेचं वेळापत्रक, निकाल, प्रमाणपत्र आणि विद्यार्थ्याच्या क्रेडिट खात्यात होणारी जमा, सगळं तिकडून. यूजीसीने 2021 मध्ये ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे नियम केले. विद्यार्थी आपल्या खात्यात स्वतः काही जमा करू शकत नाही. बँकेत पगार कंपनी जमा करते, तसं इथे क्रेडिट संस्था जमा करते. खातं उघडलं आणि आयडी मिळाला म्हणजे क्रेडिट जमा झाले, असा गैरसमज बराच पसरलेला आहे.

आठ आठवडे आहेत तरी कुठे?

कागदावरचं उन्हाळी सत्र प्रत्यक्षात का दिसत नाही, याचं सरळ कारण कॅलेंडर आहे.

कॉलेजांची उन्हाळी सुट्टी साधारणपणे मेच्या सुरुवातीपासून जूनच्या मध्यापर्यंत. म्हणजे जेमतेम सहा-साडेसहा आठवडे. त्यातच दुसऱ्या सत्राचे पेपर लांबले, की दोन-तीन आठवडे गेले. मग उत्तरपत्रिका तपासणी. तेवढ्यात बारावीचा निकाल लागतो आणि प्रथम वर्षाच्या प्रवेशांची गर्दी सुरू होते. वर्गखोल्या आणि प्राध्यापक एकच, कामं तीन. अशात आठ आठवड्यांचं सत्र बसवायला जागा उरत नाही.

निवडणुकीच्या वर्षी आणखी ताण. जालना लोकसभा मतदारसंघात 2024 मध्ये 13 मे रोजी मतदान झालं. निवडणुकीच्या कामाला शिक्षक-कर्मचारी लागतात आणि शाळा-कॉलेजच्या खोल्याही. त्या महिन्यात कॉलेजच्या ऑफिसात कुणी भेटलं नाही, तर दोष नेहमी माणसांचाच असतो असं नाही.

निकालाचं गणित तर आणखी वेगळं. 2016 च्या कायद्यातल्या कलम 89 प्रमाणे विद्यापीठाने परीक्षेच्या शेवटच्या दिवसापासून 30 दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न करायचा आणि जास्तीत जास्त 45 दिवसांत लावायचाच. तेवढ्या वेळात जमलं नाही, तर कारणांसह अहवाल कुलपतींना, म्हणजे राज्यपालांना, द्यावा लागतो. आता बघा. पेपर 15 मे रोजी संपला असं धरलं आणि विद्यापीठाने कायदा तंतोतंत पाळला, तरी निकाल 29 जूनपर्यंत येऊ शकतो. तोपर्यंत सुट्टी संपलेली असते. ज्या मुलाला राहिलेला विषय उन्हाळी सत्रात पूर्ण करायचा आहे, त्याला आपला विषय राहिलाय हेच सत्र संपल्यावर कळणार.

निकालाची जबाबदारी किती वरपर्यंत जाते, याचं राज्यातलं सगळ्यात ठळक उदाहरण मुंबई विद्यापीठाचं. 2017 च्या उन्हाळी परीक्षेच्या उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायचा निर्णय घाईने घेतला गेला. उत्तरपत्रिका होत्या 17 लाखांहून जास्त. स्कॅनिंग अडलं, शिक्षकांना प्रणाली जमेना, निकाल रखडले. राज्यपाल सी. विद्यासागर राव यांनी 31 जुलैची मुदत दिली, तीही हुकली. परदेशात किंवा दुसऱ्या विद्यापीठांत प्रवेश घ्यायचा होता, त्या मुलांचे दिवस हातातून निघून गेले. शेवटी 24 ऑक्टोबर 2017 रोजी कुलगुरू डॉ. संजय देशमुख यांना पदावरून दूर करण्यात आलं. मुंबई विद्यापीठाच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडलं. परीक्षेच्या बाबतीत कायदा इतका स्पष्ट आहे की कुलगुरूंचं पद जाऊ शकतं. उन्हाळी सत्र भरलंच नाही, तर त्याची जबाबदारी कुणावर, याबद्दल तशी एकही ओळ नाही.

सुट्टीत शिकवायचं कुणी?

प्राध्यापकांना उन्हाळ्यात भरपूर सुट्टी असते, मग शिकवायला काय हरकत आहे, असं सोशल मीडियावर सहज लिहिलं जातं. नियम थोडा वेगळा आहे. यूजीसीच्या सेवानियमांत कॉलेजच्या शिक्षकांना वर्षाला 10 आठवडे सुट्टीचा पर्याय आहे, पण त्या बदल्यात अर्जित रजा मिळत नाही. सुट्टीत कामावर बोलावलं, तर जितके दिवस काम केलं त्याच्या एक तृतीयांश दिवस अर्जित रजा म्हणून जमा होतात. 30 दिवस काम केलं तर 10 दिवस रजा. म्हणजे प्राचार्य शिक्षकाला थांबवू शकतात, पण त्याची नोंद आणि मोबदला ठरलेला आहे. तोंडी आदेशावर हे होत नाही.

आणि हे झालं कायम शिक्षकांचं. ग्रामीण कॉलेजांत अनेक विषय तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक सांभाळतात. त्यांना तासाप्रमाणे पैसे मिळतात, तास नसेल तर मानधन नाही. सत्र संपलं की त्यांचं कामही थांबतं. उन्हाळी सत्र सुरू करायचं तर त्यांच्या तासांना मंजुरी हवी आणि पैसेही हवेत. ही तरतूद एकट्या प्राचार्यांच्या हातात नसते. उन्हाळी सत्र 'शिक्षक उपलब्ध असतील तर' घ्यावं, असं चौकट म्हणते तेव्हा तालुक्याच्या कॉलेजपुरता त्याचा अर्थ बराचसा इथे येऊन थांबतो.

वर्ग नाही, तर इंटर्नशिप?

वर्ग भरवणं अवघड असेल तर इंटर्नशिप हा मार्ग जास्त सोपा दिसतो. शिक्षकाला रोज यावं लागत नाही, खोली लागत नाही. पण काम कुठे करायचं?

अंबड तालुक्यात अंकुशनगरला सहकारी साखर कारखाना आहे, पण त्याचा हंगाम हिवाळ्यातला. उन्हाळा चढतो तसं गाळप थंडावतं आणि मे महिन्यात शिकाऊ मुलांना दाखवण्यासारखं चालू काम कमी उरतं. जालना शहर स्टील आणि बियाण्यांच्या उद्योगांसाठी ओळखलं जातं. तिथे संधी जास्त आहेत, पण रोजचं एसटीचं भाडं कोण देणार आणि घरून परवानगी मिळणार का, हे प्रश्न मुलींच्या बाबतीत पहिल्याच दिवशी येतात. गावातच बघायचं तर बाजार समिती, नगर परिषद, पतसंस्था, दवाखाना, वाचनालय, सीएससी केंद्र, कर सल्लागाराचं ऑफिस. बी.ए., बी.कॉम.च्या मुलांना 120 तासांचं खरं काम मिळेल अशा या जागा आहेत. पाणीटंचाईच्या काळात ग्रामपंचायतीकडे टँकरच्या फेऱ्यांची नोंद ठेवणं हेसुद्धा भूगोल किंवा लोकप्रशासनाच्या विद्यार्थ्यासाठी उत्तम काम ठरू शकतं.

अडचण येते ती सहीची. दुकानदार किंवा पतसंस्थेचा व्यवस्थापक म्हणतो, काम करा, पण कागदावर मी काय लिहून देऊ? इथे कॉलेजचा अधिकार खरोखर कामाला येतो. कॉलेजने संस्थेला आधी पत्र दिलं असेल, मार्गदर्शक शिक्षक नेमला असेल आणि तासांची नोंदवही ठरवून दिली असेल, तर बाहेरच्या माणसाची सही ग्राह्य धरायला अडचण येत नाही. आधी काम करून नंतर 'सर, याचे क्रेडिट द्या' म्हणून गेलं, तर बहुतेक वेळा नकार मिळतो, आणि त्या नकारात चूक काढता येत नाही. पत्र आधी, काम नंतर. एवढा क्रम पाळला तरी अर्धी भांडणं टळतात.

याला दुसरी, जरा वाईट बाजूही आहे. दिवसभर एकही तास काम न करता ओळखीच्या माणसाची सही आणून दिली, की कागद पूर्ण. तपासायला कुणी जात नाही, कारण तपासणारा सुट्टीवर. जिथे जबाबदार माणूस ठरलेला नसतो, तिथे प्रामाणिक मूल अडकतं आणि जुगाड करणारं सुटतं.

पैसे मागितले तर?

उन्हाळी कोर्ससाठी वेगळी फी घेता येते का? मंजूर झालेली फी असेल तर घेता येते. कॉलेज मनाने आकडा ठरवू शकत नाही. मंजूर शुल्कापेक्षा जास्त रक्कम घेण्याला राज्यात 1987 पासून कॅपिटेशन फीविरोधी कायद्याने बंदी आहे. दिलेल्या प्रत्येक पैशाची पावती मागावी. पावतीवर कोर्सचं नाव असावं. 'प्रोजेक्टचे पाचशे आणून दे' असं तोंडी सांगितलं गेलं, तर ते कशाचे आणि कुणाच्या आदेशाने, एवढं नम्रपणे विचारलं तरी पुष्कळदा विषय तिथेच मिटतो.

अडलं तर कुठे जायचं?

सुरुवातीच्या विद्यार्थिनीकडे परत येऊ. तिने काय करायला हवं?

पहिली गोष्ट, तोंडी विचारणं थांबवून लेखी अर्ज. प्राचार्यांच्या नावाने, साध्या मराठीत. 'मला प्रथम वर्षानंतर बाहेर पडायचं आहे. त्यासाठी लागणारे अतिरिक्त 4 क्रेडिट या उन्हाळ्यात कोणत्या मंजूर कोर्समधून किंवा इंटर्नशिपमधून मिळतील आणि त्याचे गुण कोण भरणार, हे कळवावं.' अर्ज आवक-जावक टेबलावर द्यायचा आणि आपल्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यायची. तोंडी प्रश्नाला 'नंतर ये' हे उत्तर चालतं. आवक क्रमांक पडलेल्या अर्जाला ते चालत नाही. अर्ज एप्रिलमध्ये दिला तर उत्तम. मेच्या तिसऱ्या आठवड्यात दिलेला अर्ज सुट्टीत पडून राहतो.

उत्तर आलंच नाही तर यूजीसीचे विद्यार्थी तक्रार निवारण नियम आहेत, 11 एप्रिल 2023 पासून लागू असलेले. त्यानुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असावी लागते. ज्येष्ठ प्राध्यापकांच्या या समितीत विद्यार्थी प्रतिनिधीही असतो. किमान एक महिला आणि अनुसूचित जाती, जमाती किंवा इतर मागासवर्गातला किमान एक सदस्य हवा. तक्रार आल्यापासून 15 कामकाजाच्या दिवसांत समितीने अहवाल द्यायचा असतो. तिच्या निर्णयाने समाधान झालं नाही, तर पुढच्या 15 दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येतं. लोकपालाने 30 दिवसांत प्रकरण निकाली काढावं, असं नियम सांगतो. परीक्षा किंवा निकालातला उशीर, कागदपत्रं अडवून ठेवणं, मूल्यमापनातला अपारदर्शकपणा हे सगळं तक्रारीच्या व्याख्येत येतं.

एक मर्यादा लक्षात ठेवायला हवी. गुण कमी पडले, पेपर पुन्हा तपासा, एवढ्याच मागणीवर लोकपाल प्रकरण घेत नाही. निकालावर परिणाम करणारी नेमकी अनियमितता किंवा भेदभाव दाखवावा लागतो. पेपरबद्दल शंका असेल तर विद्यापीठाच्या पुनर्मूल्यांकनाचा मार्ग आहे. शिवाय स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका माहिती अधिकारात पाहता येते. सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या खटल्यात सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट 2011 मध्येच हा हक्क मान्य केला आहे.

माहिती अधिकाराचा उपयोग उन्हाळी सत्रासाठीही होतो. या विद्यापीठाने उन्हाळी सत्रासाठी कोणते कोर्स मंजूर केले, त्याचं परिपत्रक कोणत्या तारखेचं, ते कोणत्या कॉलेजांना पाठवलं, हे प्रश्न विद्यापीठाच्या जन माहिती अधिकाऱ्याला विचारता येतात. उत्तराची मुदत 30 दिवस. हातात परिपत्रकाची प्रत असली, की कॉलेज आणि विद्यापीठ यांच्यातली टोलवाटोलवी फार काळ चालत नाही.

कॉलेजांकडून काय होऊ शकतं?

यासाठी नवा कायदा लागत नाही. परीक्षा प्रमुख नेमतात तसा उन्हाळी सत्राचा एक जबाबदार प्राध्यापक प्राचार्यांनी लेखी आदेशाने नेमावा, त्याच्या सुट्टीतल्या कामाची अर्जित रजा नियमाप्रमाणे जमा करावी आणि त्याचं नाव, भेटीची वेळ नोटीस बोर्डावर लावावी. कोणत्या संस्थांत इंटर्नशिप करता येईल ती यादी मार्चमध्येच तयार ठेवावी. एकट्या कॉलेजात एखाद्या कोर्सला पुरेशी मुलं मिळत नसतील, तर अंबड, घनसावंगी, जालन्यातल्या कॉलेजांनी मिळून एक वर्ग भरवावा. त्यासाठी विद्यापीठाची मान्यता लागेल. मागितली तरच ती मिळेल.

विद्यापीठाच्या हातातली गोष्ट त्याहून मोठी आहे. पहिल्या वर्षाचे पेपर एप्रिलअखेर संपवणं. तसं झालं तर मे आणि जून मोकळे होतात आणि आठ आठवडे खरोखर सापडतात. पेपर मेअखेरपर्यंत रेंगाळले, तर बाकी कुणी काहीही ठरवलं तरी सत्राला जागा नाही.

घाई का, याचंही एक कारण आहे. प्रमाणपत्र किंवा पदविका घेऊन बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याला यूजीसीच्या चौकटीप्रमाणे 3 वर्षांच्या आत परत येता येतं आणि पूर्ण पदवी जास्तीत जास्त 7 वर्षांत संपवावी लागते. संलग्न कॉलेजांतली पहिली तुकडी जून 2024 ची. त्यातले जे 2025 च्या उन्हाळ्यात प्रमाणपत्र घेऊन थांबले, त्यांची परत येण्याची मुदत 2028 मध्ये संपते.